शेजाऱ्याबद्दल एक गोष्ट

४ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ही वही. वही लेकीने दिली. निघताना म्हणाली, आई, भिंतींशी बोलतेस त्यापेक्षा हिच्याशी बोल, हिला निदान पानं तरी आहेत. कार्टी माझ्यावरच गेली आहे. पण बोलली ते खरं. तिचे बाबा गेल्यापासून दोन वर्षं मी भिंतींशीच बोलत होते, आणि हल्ली हल्ली तर मध्येच थांबून त्यांच्या उत्तराची वाट बघायला लागले होते. म्हणून ही नोकरी.

घर दुमजली आहे, दार निळं. खाली मोठी खोली, स्वयंपाकघर आणि डॉक्टरीणबाईंची छोटी खोली. त्या फक्त मंगळवारी येतात. वर माझी खोली: खाट, कपाट, रस्त्याकडे खिडकी. अजून काय लागतं माणसाला?

मनाच्या आजारातून उठलेली माणसं इथे दहा ते पाच येऊन बसतात. इस्पितळ सुटलं, गोळ्या चालू आहेत, पण घरी कुणी धड बोलत नाही आणि ही दिसली की शेजारी दार लावून घेतात. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या प्रमुख, म्हणाल्या की आजार निम्मा गोळ्यांनी जातो आणि निम्मा माणसांनी. ही दुसरी निम्मी बाजू माझी. म्हणजे गप्पा मारायची नोकरी! लेकीला फोनवर सांगितलं तर एवढी हसली की म्हटलं पुरे, आत्ताच कळा यायच्या, अजून महिना आहे. वीसेक तारखेला रजा घेऊन मी बाळंतपणाला जाणार, ते मोठ्या बाईंशी आधीच बोलून ठेवलंय.

हे घर मला आवडलं. फार आवडलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज पहिला फेरा पाहिला. ही इथली रीत आहे, रोज अकरा वाजता, चहाबरोबर. सगळे गोल करून बसतात आणि प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताला बसलेल्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायची. आज दिसलेली आणि खरी. कौतुक नको, उपदेश नको. याने नखं कापलीत. हिचा डोळा लागला नसावा. एवढंच. मोठ्या बाई म्हणतात, ज्याच्याकडे दिवसातून एकदा तरी कुणी नीट बघतं तो माणूस तग धरतो.

मला हे इतकं पटलं की डोळे भरून आले. मी काय, दार वाजलं तरी रडते.

माझ्या उजव्या हाताला बसले होते ते रेडिओ. एकदा लागले की बंद होत नाहीत म्हणून हे नाव, त्यांनी स्वतःच ठेवलेलं. ते माझ्याबद्दल म्हणाले की नव्या ताई हसताना तोंडावर हात धरतात आणि त्यांच्या हिरव्या स्वेटरची डावी बाही लांब आहे. मोठ्या बाईंनी टोकलं, एकच गोष्ट, एकच. दोन्ही खऱ्या आहेत. पुढचा दात वाकडा आहे म्हणून हात जातो, शाळेपासूनची खोड. आणि स्वेटर मीच विणला, त्या वेळी हे आजारी होते, टाके मोजण्यात लक्ष नव्हतं.

समोर गणितबाई होत्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या. दिसेल ते मोजतात. मी बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं, खुर्च्या अकरा, माणसं दहा. त्यांच्या पलीकडे निवृत्त पोस्टमनकाका. तीस वर्षं पत्रं वाटली, पण स्वतःला आलेलं पत्र एकही नाही, असं हसत सांगतात.

पण मी मोजली तर माणसं अकरा भरली.

गणितबाई आणि पोस्टमनकाका यांच्या मधल्या खुर्चीवर, खिडकीशी, एक बाई बसली होती. फेरा गणितबाईंपाशी आला तेव्हा त्या मान वळवून, तिला ओलांडून, पोस्टमनकाकांबद्दल बोलल्या. काकांनी पुढे चालू केलं. त्या बाईबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चहाचा ट्रेसुद्धा तिच्यापुढून सरळ गेला.

मला काही कळेना. मोठ्या बाईंना विचारलं तर त्या फाईल चाळत म्हणाल्या, कोण हो?

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझं डोकं फिरलं. दोन दिवस मी बघतेय. ती बाई दहाला असते, पाचलाही असते, आणि कुणी तिच्याकडे बघत नाही. ज्यांना जगाने बाजूला ढकललं त्यांनीच आपल्यातल्या एकीला वाळीत टाकावं? आणि तेही या घरात?

फेऱ्याच्या आधी पोस्टमनकाकांना गाठलं.  ते मान खाली घालून म्हणाले की ताई, आम्ही दुष्ट नाही, पण त्या खुर्चीबद्दल बोलायचं नसतं, आपल्यातलं काही देऊन तर मुळीच नाही. मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. चांगलं झापलं. म्हटलं, काका, तुम्हाला कुणी असं ओलांडलं असतं तर?  माझी जीभ ही अशी, उचलली की लावली टाळ्याला.

मग सरळ गणितबाईंना म्हटलं, उठा, आज जागा बदलू. आता ती बाई माझ्या डाव्या हाताला.

जवळून पाहिलं तरी तिच्यात सांगण्यासारखं काही सापडेना. वय कितीही असेल. कपड्यांचा रंग कुठला ते आत्ता लिहितानाही आठवत नाही. बघताना चेहरा असतो, नजर काढली की राहत नाही. फेरा माझ्यापाशी आला, सगळे थांबले, आणि माझ्याकडे काहीच नाही. एवढी भांडून घेतलेली जागा! मग मी थोडी थाप मारली. म्हटलं, या ताई माझ्यासारख्याच आहेत, हसताना तोंडावर हात धरतात.

ती कधी हसलेलीच मी पाहिली नव्हती. पण चांगल्यासाठी एवढं खोटं चालतं.

 मग ती हसली. तोंडावर हात धरून.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं! आज रेडिओ तिच्याशी स्वतःहून बोलले. चहा तिच्यापुढे थांबला. मला कोण आनंद! फेऱ्यात मी सांगितलं की हिला हिरवा रंग शोभेल, माझ्या स्वेटरसारखा. काका तेवढे उठून व्हरांड्यात गेले. असू दे, जळतात.

संध्याकाळी फोनवर लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, तू आज हसलीस तर वेगळंच वाटलं गं, मोकळं. मला बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

रेडिओंनी काहीतरी विनोद केला, मी खो खो हसले, आणि गणितबाई माझ्या दाताकडे बघत राहिल्या. माझा हात मांडीवरच होता. मुद्दाम उचलून पाहिला. उचलला जातो, पण आपणहून जात नाही. चाळीस वर्षांची सवय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मग माझी कशी गेली?

ती आज हिरवा स्वेटर घालून आली. डावी बाही लांब.

मी वर जाऊन माझा पाहिला. कपाटातच होता. दोन्ही बाह्या सारख्या. तीनदा जुळवून पाहिल्या. मी विणलेला स्वेटर आहे हा, त्याचे टाके मला पाठ आहेत.

धुताना आटला असेल. आटतात लोकरीचे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आता जरा भीती वाटते, पण आधी सांगते काय झालं, म्हणजे मलाच कळेल.

मी ठरवलं होतं की आज तिच्याबद्दल साधं काहीतरी सांगायचं, माझ्यातलं नको. चहा गार झाला वगैरे. पण फेऱ्याआधी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी बारीक, पुष्कळ दिवस न वापरलेला. म्हणाली, मला कुणीच नाही गं. कुणी फोन करत नाही. तुझी लेक करते ना, मी ऐकते, किती छान बोलता तुम्ही दोघी.

कुणाचंही काळीज हललं असतं. दोन वर्षं रिकाम्या घरात मी काय काढली ते मला माहीत आहे. मी तिचा हात धरला आणि आपण म्हणतो तसं म्हणून गेले, असं नाही म्हणायचं, माझी लेक ती तुझीच लेक.

आणि फेरा माझ्यापाशी आला तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तेच पुन्हा सगळ्यांसमोर बोलले. या ताईंना कुणी नाही असं नाही, यांना एक लेक आहे, माझी ती यांचीच.

काकांच्या हातातला कप पडला.

तिने माझा हात सोडला. तिचा हात ऊबदार होता, आणि माझा गार पडला होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

लेक रविवारी अकराला फोन करते. लग्न झाल्यापासून एक रविवार चुकला नाही.

अकरा. साडेअकरा. बारा.

मी वरूनच, मोबाइलवरून केला. तिने उचलला. मी म्हटलं, काय गं, विसरलीस? ती म्हणाली, कोण बोलतंय? मला वाटलं थट्टा करतेय. मी चिडले, रडले, तिचं लहानपणचं लाडाचं नाव घेतलं. ती घाबरली. मग फार गोड आवाजात, ओळख नसलेल्या माणसाशी बोलायला मीच शिकवलेल्या आवाजात, म्हणाली की काकू, तुमचा नंबर चुकलाय. माझ्या आईचा फोन आत्ताच झाला, तासभर बोललो आम्ही.

काकू.

पुन्हा लावला. लागला नाही. जिन्यातून खाली वाकून पाहिलं, तर ती बाई खालच्या खोलीतल्या घरच्या फोनच्या स्टुलाशी उभी होती. तोंडावर हात धरून हसत होती.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज माझी खुर्ची मोकळी नव्हती. माझ्या खुर्चीवर ती बसली होती. मोकळी एकच, खिडकीशी.

बसले. कुठे बसणार?

फेरा आला. माझ्या उजव्या हाताला तीच. तिने मान वळवली, मला ओलांडलं आणि काकांबद्दल बोलली. चहा पुढून गेला. मी ओरडले, अहो मी इथे आहे! रेडिओ बोलत राहिले. गणितबाईंनी मोजलं. खुर्च्या अकरा, माणसं दहा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मला काहीतरी होतंय, हे मी कबूल करते. लाज कसली त्यात, इथे तर नाहीच. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून. एवढं नीट मी आयुष्यात कधी सांगितलं नसेल.

त्यांनी घड्याळ पाहिलं. दाराकडे बघून हाक मारली, पुढचं कोण आहे, या.

वेड लागलं असतं तर परवडलं असतं. वेड लागलेल्याला निदान कुणी तपासतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ती गेली. रजेवर, लेकीच्या बाळंतपणाला. माझ्या दोन बॅगा घेऊन. सगळ्यांनी दारापर्यंत जाऊन निरोप दिला, रेडिओंनी तर भाषण केलं. निघताना ती खुर्चीपाशी आली, दुसरीकडे बघत म्हणाली की माफ कर गं, तीन वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. तुझ्या लेकीला मी जपेन.

मी तिची बाही धरली. लांब बाही. हातातून निसटली.

सगळे पांगल्यावर पोस्टमनकाका शेजारी येऊन बसले. माझ्याकडे न बघता, खिडकीशी बोलावं तसं बोलले. म्हणाले की मी पत्ते विसरत नाही, त्यामुळे थोडं थोडं आठवतं, उद्या तेही राहणार नाही. तीही इथे कामाला आली होती. तिच्याही आधी त्या खुर्चीवर कुणी होतं, तिलाही दया आली होती. कुणी नवं माणूस आपल्यातलं काही देईल तेव्हाच त्या खुर्चीवरून उठता येतं. पहिलं दिलं की दिसायला लागतं, जिवाचं माणूस दिलं की पुरं होतं. आम्ही कुणीच देत नाही, ताई, आमच्याकडे आहेच थोडं. मग ते रडले. म्हणाले, मी त्या दिवशी पुरतं सांगायला हवं होतं.

मीच सांगू दिलं नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काकांना हाक मारली. त्यांनी खिडकी लावून घेतली, वारा येतो म्हणून.

२५ नोव्हेंबर, सोमवार

नवी बाई आली. माझ्या— तिच्या बदली. तिशीची असेल, बोलकी, डावखुरी. आल्या आल्या कपात साखर डाव्या हाताने ढवळली आणि सांडली, स्वतःलाच हसली. घरी दोन वर्षांची छोटी आहे, सासूपाशी ठेवून येते. फोटो सगळ्यांना दाखवला. गोड आहे पोर, टपोऱ्या डोळ्यांची.

गणितबाई म्हणाल्या, माणसं दहा. नवी बाई म्हणाली, नाही हो, अकरा.

तिने माझ्याकडे पाहिलं. सात दिवसांनी कुणीतरी— मला हुंदका आला.

नको. त्या छोटीचं काय होईल? नको.

२६ नोव्हेंबर

मी मान फिरवून बसते. नव्या बाईकडे बघतच नाही. ती काकांशी भांडली, की त्या ताईंना तुम्ही असं का— अगदी माझेच शब्द.

काका म्हणाले, कोण ताई?

२८ नोव्हेंबर

तिने गणितबाईंशी जागा बदलली. माझ्या उजव्या हाताला येऊन बसली. फेरा आला तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी उभी राहून शंभर मोजले. वाचली ती. आज वाचली.

माझं नाव आठवत नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. जागा आहे, नाव नाही.

लेकीचं आठवतं. ते लिहिणार नाही इथे. ते तरी माझ्यापाशी राहू दे.

३० नोव्हेंबर

भिंतीशी बोलले. उत्तराची वाट बघितली.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळीच मोठ्या बाईंनी सांगितलं. आपल्या ताईंचा फोन होता, लेकीला इस्पितळात नेलंय, कळा सुरू झाल्यात, सगळे त्यांची आठवण काढा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझी लेक. पहिलटकरीण. लहानपणी सुईला घाबरायची, माझं बोट धरून टोचून घ्यायची. आज कुणाचं बोट धरलंय तिने?

वही मांडीवर आहे. फेरा सुरू झाला. उठणार आहे. उठतेच. पाय उचलत नाहीत— रेडिओंचं झालं. नवी बाई माझ्याकडे वळली. मी मान हलवतेय, नको, नको, तिला वाटतं मी लाजतेय. ती हसली, माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघून म्हणाली, या ताई सारखं काहीतरी लिहीत असतात, आणि माझ्यासारख्याच डावखुऱ्या आहेत.

नाही. मी उजव्या हाताने लिहिते. जन्मभर उजव्या—

पेन्सिल डाव्या हातात आहे.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं! रेडिओ म्हणाले, अरे, या कधी आल्या? गणितबाईंनी मोजलं. अकरा. कुणीतरी माझ्यापुढे कप ठेवला. गरम आहे. वाफ लागतेय तोंडाला.

मोठ्या बाई म्हणतात एकच गोष्ट, एकच. पण ती थांबत नाहीये, माझा हात धरलाय तिने, म्हणतेय, ताई, तुम्हाला घरी कुणी नाही का हो? असं नका मानू, आमची छोटी आहे ना—

आता थांबवायला हवं. एवढंच म्हणायचं, थांब बाई, तिचं नाव काढू नकोस. सहा शब्द. आवाज आहे मला, आला परत. म्हणते.

किती छान वाटतं गं, कुणी असं आपल्याकडे बघून बोललं की. एवढं एक वाक्य तिला पुरं करू दे. एवढं एकच ऐकते आणि मग लगेच सांग—